तुरीचा शेंडा या उघडिपीतच खुडा

पेरणीला दीड महिना होत आला आणि तूर अजून एकाच खोडावर सरळ वर चालली असेल, तर बाकीची कामं दोन दिवस मागे टाका. उघडीप मिळाली, वाफसा आला (जमीन ओलसर, पण पाय न रुतण्याइतकी सुकली) की आधी शेंडा खुडा.

दर हंगामात तेच बघतो. पुरुषभर उंच तूर, खाली कमरेपर्यंत नुसतं खोड, शेंगा टोकाला. दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते सुटतात. खुडल्यानंतर काही दिवसांनी वाकून बघा, वरच्या पानांच्या बगलेत मुगाच्या दाण्याएवढे हिरवे डोळे फुगलेले दिसतील. त्याच तुमच्या फांद्या.

शिफारस अशी: पेरणीनंतर 45 दिवसांनी वरचा 5 ते 6 सेंमी शेंडा खुडायचा, दुसऱ्यांदा 65 दिवसांनी. माझा स्वतःचा ठोकताळा म्हणजे झाड गुडघ्याच्या वर गेलं की दिवस मोजत बसू नये. भारी जमिनीत ते लवकर येतं. दुसऱ्या खुडणीआधी मात्र झाड नीट बघा. कळी दिसली तर हात लावू नका. दिवस लहान होऊ लागले की तूर फुलोऱ्याकडे वळते, उशिरा पेरली म्हणून थांबत नाही. त्यामुळे उशिराच्या तुरीला एकच खुडणी, तीही वेळेत.

पावसात किंवा पानं ओली असताना खुडू नका, जखमेतून बुरशी शिरते. पाणी साचलेलं असेल तर आधी चर काढून ते बाहेर काढा. आयसीपीएल 87 सारख्या बुटक्या, शेंड्याला झुपक्यात फुलणाऱ्या हळव्या (लवकर येणाऱ्या) वाणाला खुडणी नको.

फुटवे वाढवायची महागडी बाटली दुकानदार पुढे करेल. घेऊ नका. तेच पैसे दोन मजुरांना द्या, नखाने किंवा विळ्याने काम होतं.

बाकीची कामं:
- कोळपणी, खुरपणी
- वांझ रोगाची (फुलं-शेंगा न धरणारी) झाडं उपटून नष्ट करणं
- कळी लागताना हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे)
- फुलोऱ्याच्या सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क
- शेंगा पोखरणारी घाटेअळी नुकसान पातळीच्या (फवारणीचा खर्च परवडेल इतक्या नुकसानीच्या) वर गेली तरच इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी, 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम

घरचं बियाणं धरत असाल तर प्लॉटच्या मधलं एक तास, म्हणजे झाडांची एक ओळ, न खुडता ठेवा. खुडलेली सगळीच झाडं पसरट दिसतात, त्यात मुळातच फांद्या धरणारं झाड ओळखता येत नाही. न खुडलेल्या तासात ज्याची पहिली फांदी जमिनीलगत सुटली आहे आणि ज्याला मर रोग (झाड वाळवणारा) नाही, त्याला चिंधी बांधा. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर जातात, म्हणून शेजारच्या वाणाला लागून असलेल्या कडेच्या झाडांचं बी धरू नका.