६४ जीबीच्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह कसं मावते?

राजेहो, वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवर (क्लाउडवर) फाईली ठेवायची सोय; जागा भरली म्हणून तिच्या सिंकच्या, म्हणजे लॅपटॉप आन् क्लाउड दोन्हीकडं सारख्याच राहणाऱ्या, फोल्डरातली फाईल सरळ डिलीट नका मारू बे, ती क्लाउडवरूनही जाते, मग ३० दिवसांच्या आत रिसायकल बिनमधून काढत बसा. त्यापेक्षा फाईलवर राईट क्लिक करा आन् 'फ्री अप स्पेस' दाबा, निळा ढग दिसला म्हणजे फाईल वरतीच आहे, लॅपटॉपवर फक्त नाव उरलं, उघडली की उतरते, पण नेट पाहिजे हं. म्हणून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईले निघायच्या आधी लागणारं फोल्डर घरच्या वायफायवरच 'ऑलवेज कीप' करून ठेवा, म्हणजे ते लॅपटॉपवरच राहते, वर्ध्यापुढं रेंजचा काही भरवसा नाही. गूगल ड्राइव्हवाल्यांनी मिरर (सगळ्या फाईली लॅपटॉपवरही) सोडून स्ट्रीम (फाईली वरतीच, लागल्या की उतरतात) निवडा, झालं.