पेटंटचा अर्ज आणि त्यानंतरची वीस वर्षं: या चुका टाळा

पेटंटचं काम घेऊन कुणी आलं की मी शोधाबद्दल आधी विचारतच नाही. कुणाकुणाला दाखवलंत, ते विचारतो. उत्तर बहुतेक वेळा हसत हसत येतं: प्रदर्शनात ठेवलं होतं, लोकांना फार आवडलं, चार नग विकलेसुद्धा. अर्ज अजून केलेला नसतो. आणि पेटंट मिळतं ते नव्या गोष्टीलाच; आधीच सगळ्यांसमोर आलेली गोष्ट नवी धरत नाहीत.

आधी दाखवलं, मग अर्ज केला

अमेरिकेतला एक जुना खटला आहे. एका माणसाने कॉर्सेटमध्ये बसवायच्या पोलादी पट्ट्या तयार केल्या आणि १८५५ मध्ये आपल्या मैत्रिणीला वापरायला दिल्या. पुढे तिच्याशी लग्नही केलं. पेटंटचा अर्ज केला तो १८६६ मध्ये. त्या पट्ट्या कपड्याच्या आत, कुणाच्या नजरेला पडायचा प्रश्नच नव्हता. तरी १८८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक वापर ठरवला आणि पेटंट गेलं. कारण साधं होतं: वस्तू दिली तेव्हा गुप्ततेची अट घातली नव्हती, आणि चाचणी म्हणूनही दिली नव्हती.

याच न्यायालयाने चार वर्षं आधी, १८७७ मध्ये, उलट निकाल दिला होता. तिथे शोध होता लाकडी ठोकळ्यांच्या फरसबंदीचा, आणि ती तर बॉस्टनजवळच्या वाहत्या रस्त्यावर सहा वर्षं सगळ्यांच्या पायाखाली होती. पण शोध लावणारा गृहस्थ जवळजवळ रोज तिथे यायचा, काठीने ठोकून बघायचा, टोलनाक्यावरच्या माणसाला रस्ता कसा टिकतोय ते विचारायचा. फरसबंदीही त्याने स्वतःच्या खर्चाने केली होती. न्यायालयाने याला प्रयोग मानलं. झाकलेल्या पट्ट्या सार्वजनिक आणि उघडा रस्ता प्रयोग! किती जणांनी पाहिलं यापेक्षा कशासाठी आणि कुठल्या अटीवर दाखवलं, याला वजन असतं.

तेव्हा दाखवायचंच असेल तर गुप्ततेचा करार आधी, सही झालेला. चाचणी असेल तर तिची वही ठेवा, तारखांसकट. आणि चूक होऊन गेली असेल तर आधी कॅलेंडर काढा. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया इथे संशोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणानंतर बारा महिन्यांची सवलत मिळते. कुठे त्यासाठी अर्जाबरोबर वेगळं निवेदन द्यावं लागतं. युरोपात जवळपास काहीच मिळत नाही. भारतात सवलत आहे, पण ठरावीक प्रकारच्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांपुरती. म्हणजे युरोपचं दार बंद झालं असेल, तरी दुसरीकडचं उघडं असू शकतं. शिवाय जे दाखवलं त्यानंतर केलेली सुधारणा अजून गुप्त असेल, तर तिच्यावर नवा अर्ज करता येतो. ती आधीच्या रूपावरून कुणालाही सहज सुचण्यासारखी नसावी, एवढंच.

दुकानात नाही म्हणजे जगात नाही

शोधाशोध करताना लोक बाजारात विकायला असलेल्या वस्तू बघतात. पण पेटंटच्या कागदांतल्या कितीतरी गोष्टी कधी बाजारात आलेल्याच नसतात, आणि नावीन्य खोडायला छापील कागद पुरतो. एस्पासनेट, पेटंटस्कोप, गुगल पेटंट्स हे पेटंटचे तिन्ही ऑनलाइन संग्रह फुकट आहेत. नेहमीच्या शब्दांनी काही सापडणार नाही, कारण पेटंटवाले बादलीला बादली म्हणत नाहीत, ‘द्रव धारण करणारे पात्र’ म्हणतात. जवळचं एक पेटंट सापडलं की त्यावरचा वर्गीकरणाचा कोड घ्या आणि त्या कोडने शोधा.

एक आंधळा कोपरा तरीही राहतो. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे गेल्या दीड वर्षात कुणी काय दाखल केलं ते कुणालाच दिसत नाही.

तात्पुरत्या अर्जात दोन पानं

प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण अर्जाच्या आधीचा तात्पुरता अर्ज म्हणजे नंबर लावून ठेवणं, असा समज आहे. तारीख मिळते हे खरं, पण त्या कागदात जे लिहिलंय तेवढ्यालाच मिळते. ‘ऊर्जा वाचवणारा पंप’ एवढंच लिहून ठेवलं आणि झडपेची रचना अकराव्या महिन्यात पूर्ण अर्जात घातली, तर झडपेची तारीख अकराव्या महिन्याची. मधल्या काळात पंप दाखवून झाला असेल तर सगळंच अवघड. म्हणून तात्पुरता अर्जही भरगच्च लिहा: आकृत्या, पर्यायी साहित्य, मापांच्या मर्यादा, फसलेले प्रयोगसुद्धा. नंतर गाळता येतं. अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर घालू देत नाहीत.

एका शब्दाने कोळसा

पेटंट मिळतं ते क्लेममधल्या वाक्यांना, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या अर्जातल्या दाव्यांना. बाकी वर्णन कितीही सुंदर असो, कुंपण त्या वाक्यांचंच. अमेरिकेत २००४ मध्ये लागलेला एक निकाल या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. पिठाचा पदार्थ भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट होतं. क्लेममध्ये लिहिलं होतं की आवरण लावलेला उंडा सुमारे ४०० ते ८५० अंश फॅरनहाइट तापमाना‘पर्यंत’ तापवायचा. म्हणायचं होतं की भट्टी त्या तापमाना‘ला’ ठेवायची. उंडाच तेवढा तापला तर त्याचा कोळसा होतो, हे न्यायालयालाही कळत होतं. पण लिहिलेलं वाक्य स्पष्ट आहे, ते आम्ही दुरुस्त करून देणार नाही, असं म्हणून न्यायालयाने शब्द तसेच वाचले. प्रतिस्पर्धी कोळसा करत नव्हता, म्हणून तो सुटला.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. संशोधक आपल्या हातातल्या नमुन्याचं हुबेहूब वर्णन क्लेममध्ये करतो: तांब्याचा, तीन स्क्रूचा, निळ्या झाकणाचा. मग शेजारचा चार स्क्रू लावून तीच वस्तू विकतो. पहिल्या क्लेममधल्या प्रत्येक शब्दाला विचारा, हा काढला तर शोध चालेल का? चालत असेल तर तो शब्द खालच्या, अवलंबून असलेल्या क्लेममध्ये ढकला. पहिला क्लेम पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने खोडला तर माघार घ्यायला ती जागा असते.

नावं आणि मालकी

साहेबांचं नाव मान म्हणून घालणं आणि ज्याने खरी कल्पना दिली त्या तंत्रज्ञाचं गाळणं, दोन्ही घातक. संशोधक कोण, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. आणि पैसे देऊन बाहेरच्याकडून डिझाइन करून घेतलं म्हणजे हक्क आपोआप तुमचा होतो, असं अनेक देशांत नाही. हस्तांतराचा लेखी करार काम सुरू होण्याआधी करा. सगळे गोडीत असतात तेव्हा दोन मिनिटांत सह्या होतात.

‘जागतिक पेटंट’

अशी वस्तू नाही. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत दुसऱ्या देशांत गेलात तर पहिली तारीख टिकते. ही सोय १८८३ च्या पॅरिस करारामुळे मिळते. पीसीटी या आंतरराष्ट्रीय करारामार्गे, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करून, गेलात तर देश निवडायला सहसा तीस महिने मिळतात, पण पेटंट शेवटी ज्या त्या देशाचंच. बारावा महिना चुकला तर लगेच हातपाय हलवा. पीसीटीत पुढच्या दोन महिन्यांत अग्रक्रम, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेचा हक्क, परत मागता येतो, मात्र कारण द्यावं लागतं आणि प्रत्येक देश ते मानतोच असं नाही. भारत, अमेरिका, चीन अशा काही देशांत तिथे लागलेल्या किंवा तिथल्या रहिवाशाने लावलेल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात नेण्याआधी परवानगीही घ्यावी लागते.

अर्ज केला आणि वाट बघत बसले

अनेक देशांत नुसत्या अर्जावर परीक्षण सुरूच होत नाही, त्याची वेगळी मागणी करावी लागते. जपानमध्ये त्यासाठी अर्जापासून तीन वर्षं मिळतात. भारतात २०२४ च्या नियमबदलानंतर अग्रक्रमाच्या तारखेपासून एकतीस महिने. मुदत गेली की अर्ज मागे घेतला असं मानतात.

परीक्षकाचा पहिला अहवाल बहुतेक वेळा नकाराचाच असतो, त्यावरून रडू नका. त्याने दाखवलेले जुने कागद स्वतः वाचा. तो ज्या परिच्छेदावर बोट ठेवतो तिथे तुमचं वैशिष्ट्य खरंच आहे का, ते तपासा. पण उत्तराच्या भरात ‘आमच्या शोधात हे नाहीच’ असं लिहिताना जपा. ते वाक्य नोंदीत राहतं आणि दहा वर्षांनी कोर्टात तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं.

फी

वीस वर्षांची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात, पण ती फी भरत राहिलात तरच. घोळ होतो तो मोजणीत. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी असते. युरोपात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी, अर्ज अजून लटकलेला असला तरी. भारतात मंजुरी उशिरा आली तर मधल्या वर्षांची फी साठते आणि पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरावी लागते.

मोठ्यांचंही चुकतं. सेमाग्लुटाइड या गाजलेल्या औषधाचं कॅनडातलं पेटंट काही शे डॉलरची वार्षिक फी न भरल्यामुळे संपलं. मालक होती नोव्हो नॉर्डिस्क.

तारीख हुकली असेल तर घाबरून सोडून देऊ नका. पॅरिस करारामुळे किमान सहा महिने दंडासह भरता येते. तेही गेले तर पुनर्स्थापनेचा अर्ज असतो. भारतात पेटंट संपल्यापासून अठरा महिन्यांत. विलंब जाणूनबुजून नव्हता हे दाखवावं लागतं, म्हणून कळल्या दिवशीच हालचाल करा. मधल्या काळात कुणी उत्पादन सुरू केलं असेल तर त्याला सहसा संरक्षण मिळतं. तुमच्या वतीने कामकाज बघणारा पेटंट एजंट बदलला, ईमेल बदलला, कंपनीचं नाव बदललं, तर कार्यालयात त्याच आठवड्यात नोंद करा. सूचना जुन्या पत्त्यावर जातात आणि तिथे कुणी नसतं.

याच्या उलट, ज्या पेटंटचा उपयोग उरला नाही त्याची फी अभिमानापोटी भरत राहू नका. वरच्या वर्षांची फी चढत जाते, ती याचसाठी.

आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यावर सरकारी थाटाची, शिक्क्याची, ‘नोंदणी शुल्क तात्काळ भरा’ अशी पत्रं येऊ लागतील. ती खासगी ठगांची असतात; पत्ता त्यांना प्रसिद्ध झालेल्या अर्जातूनच मिळालेला असतो. पैसे भरण्याआधी अर्ज क्रमांक पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकून खरोखर काही देणं आहे का ते बघा, नाहीतर पत्र एजंटकडे पाठवून द्या.