गोल्फ कोर्स खरंच भारी की नुसतं नाव मोठं, हे ओळखायचं कसं

राजे हो, आमचा चौघांचा ग्रुप आहे. मी शेतकरी, एक कृषी केंद्रवाला, एक झेडपीचे मास्तर अन् एक रिटायर सुभेदार काका, ज्यांनी आम्हा तिघांना खेळ शिकवला. लहानपणी मी कामठीच्या छावणीतल्या कोर्सवर कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूची बॅग उचलायला जायचो, तिथून हे वेड लागलं ते सुटलंच नाही. वर्षातून दोनदा आम्ही पैसे जमवून बाहेर खेळायला जातो, एकदा सोयाबीन निघाल्यावर अन् कापूस वेचणीचा जोर यायच्या आधी, दुसऱ्यांदा तूर-हरभरा घरात आला की. रात्रभर गाडी चालवून जायचं, खोलीचं भाडं, ग्रीन फी म्हणजे खेळायची फी, जेवण, एवढं सगळं करून कोर्स फालतू निघाला तर वर्षभर मनात सलते. म्हणून कोणता कोर्स उगाच डोक्यावर घेतलाय अन् कोणता बिचारा दुर्लक्षित पडलाय हे घरी बसूनच कसं ओळखायचं, ते सगळं लिहून ठेवतो.

पहिलं काम म्हणजे मत कोण देऊन राहिला ते पाहा. हे लोक करतच नाहीत. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू पक्का. ज्याचा हँडिकॅप ४ आहे त्याला सरळसोट, रुंद फेअरवेचा (कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा) कोर्स बोअर वाटते, अन् ज्याचा २४ आहे त्याला तळ्यावरून दीडशे यार्ड मारायला लावणारा कोर्स म्हणजे शिक्षा वाटते. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण तुमच्या कामाचं मत तुमच्यासारखा खेळणाऱ्याचंच. सहा बॉल पाण्यात घालवून आलेला माणूस त्याच संध्याकाळी जे बोलते ते तर अजिबात मोजू नका, दोन दिवसांनी विचारा.

इथंच स्लोप रेटिंगचा घोळ होते. कार्डावर १३५, १४० असा आकडा दिसला की लोक म्हणतात वा, काय कोर्स आहे! तो आकडा ५५ ते १५५ च्या मधे असते, ११३ म्हणजे प्रमाण धरलेला, अन् तो फक्त एवढंच सांगते की एकदम पक्क्या खेळाडूच्या मानाने साधारण खेळाडूला तिथं किती जास्त त्रास होईल. कोर्स चांगला आहे का, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. न्यूयॉर्कजवळ बेथपेज ब्लॅक म्हणून सरकारी कोर्स आहे, २००२ ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा तिथं झाली. पहिल्या टीजवळच, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथं, पाटी लावलीय की हा फार कठीण कोर्स आहे, फक्त चांगल्या कसलेल्या खेळाडूंनीच खेळावा. तरी लोक रात्रभर गाडीत झोपून नंबर लावतात. त्यातला कोणी हरखून येते, कोणी रडत येते. पाटी वाचून, आपला खेळ ओळखून जो गेला त्याचं मत मी घेतो.

दुसरं, महिना विचारा. मे महिन्यात आपलं वावर पाहून कोणी म्हणेल का की या जमिनीत काही पिकत नाही? कोर्सचंही तसंच आहे. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर जे गवत असते ते हरळीच्याच घराण्यातलं, इंग्रजीत तिलाच बर्मुडा ग्रास म्हणतात, ग्रीनवर, म्हणजे बॉल ज्या खळग्यात घालायचा त्याच्या भोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, तिच्याच बारीक संकरित जाती लावतात. म्हणजे जी हरळी काढता काढता आपला बाप म्हातारा झाला, तिच्यासाठी हे लोक लाखो रुपये खर्च करतात. हरळीचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे, उन्हात अन् ओलीत फोफावते, कडक थंडीत पिवळी पडून गप्प बसते. म्हणून उत्तरेकडच्या कोर्सबद्दल जानेवारीतलं मत वेगळं अन् सप्टेंबरातलं वेगळं. शिवाय वर्षातून एकदोनदा ग्रीनला मशीनने भोकं पाडतात, माती मोकळी व्हावी अन् मुळांना हवा मिळावी म्हणून, वरून वाळू टाकतात, आपण दोन ओळींत डवरा मारतो तसलाच हेतू. त्यानंतर दोनतीन आठवडे बॉल उड्या मारत जाते. आम्ही एकदा नेमके भोकं पाडल्याच्या आठव्या दिवशी पोचलो, फोनवर कोणी सांगितलं नाही, फी मात्र पूर्ण घेतली. मी चार वर्षं त्या कोर्सला नावं ठेवली. नंतर भाच्याच्या आग्रहाखातर ऑक्टोबरात परत गेलो, तर ग्रीन इतके सुंदर की तिथून निघवत नव्हतं.

आता फोटो अन् टीव्ही. ड्रोनवरून काढलेला फोटो पाहून कोर्स ठरवू नका, कारण तुम्ही खेळणार जमिनीवरून. कॅमेरा एक तर चढउतार खाऊन टाकते नाहीतर पाण्याजवळचे चारच होल, म्हणजे कोर्सचे चारच टप्पे, दाखवते. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल टीव्हीवर सपाट बाग वाटते, पण जो माणूस तिथं गेला तो पहिल्यांदा चढउताराचंच बोलते, दहावा होल तर सरळ डोंगरउतारावरून खाली जाते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचं उलट. ते १९१९ सालचं, फी आता ६०० डॉलरच्या वर, अन् फोटोत जो समुद्र दिसते तो मुख्यतः ४ ते १० अन् शेवटच्या दोन होलवर. ११ ते १६ आतल्या बाजूला आहेत, वाईट नाहीत पण साधे आहेत. तिथं जाऊन निराश झालेल्यांच्या तक्रारी वाचा, बहुतेक याच मधल्या होलबद्दल अन् हळू चालणाऱ्या खेळाबद्दल असतात. म्हणजे कोर्स खोटा नाही, त्यांनी डोक्यात अठराच्या अठरा होल समुद्राकाठी बसवून नेले होते. सॅन दिएगोच्या टॉरी पाइन्स साउथबद्दलची तक्रार मला मात्र पटते, ती अशी की कडा अन् दऱ्या इतक्या जवळ असून होल त्यांचा पुरेसा उपयोग करत नाहीत. ही तक्रार जमिनीबद्दल आहे, मूडबद्दल नाही. तक्रारीतला हा फरक ओळखायला शिका, अर्धं काम तिथंच होते.

पहिल्या नजरेवर तर जाऊच नका. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज, जिथून हा सगळा खेळ जगभर गेला अन् १७६४ पासून जिथं १८ होल आहेत, तो ओल्ड कोर्स बघायला गेलात तर माळरानच वाटेल. झाडं नाहीत, तळी नाहीत, बहुतेक दोन दोन होलला मिळून एकच मोठा ग्रीन, अन् ११२ बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, त्यातले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. १९४६ मधे सॅम स्नीड या अमेरिकन खेळाडूने आगगाडीच्या खिडकीतून तो पाहिला अन् हा कोणीतरी टाकून दिलेला जुना कोर्स दिसते असं बोलला, अन् त्याच आठवड्यात तिथंच ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकला. दुसरा अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स, त्याचं तर अजून मोठं. १९२१ मधे अकराव्या होलच्या बंकरात अडकला अन् मधेच स्पर्धा सोडून दिली. पण तो परत आला, १९२७ ची ओपन तिथंच जिंकली, १९३० ची ब्रिटिश अॅमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धाही तिथंच, अन् १९५८ मधे त्या गावाने त्याला आपला मानद नागरिक केलं. एवढा मोठा खेळाडू, अन् त्यालाही तो कोर्स समजायला वर्षं लागली. म्हणून एकदाच खेळून निकाल द्यायचा नाही, निदान मनात तरी म्हणायचं की माझा हा पहिला फेरा आहे.

अन् आता माझ्या जिव्हाळ्याचं, माती. कोर्सवर पोचलात की पहिल्या टीवर जायच्या आधी दहा मिनिटं नुसतं चाला अन् बुटाखाली काय लागते ते पाहा. आपली काळी कसदार जमीन कापसाला सोनं आहे पण गोल्फला बेकार. पावसात चिखल बॉलला चिकटते, पाणी उभं राहते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. बॉल पडला की जागच्या जागी रुतते, पळतच नाही. अन् जी बरड, मुरमाड जमीन आपण पोराला वाटणीत दिली तर पोरगं रुसते, ती गोल्फला एक नंबर, कारण पाणी निथरून जाते अन् जमीन कडक राहते. स्कॉटलंडमधल्या जुन्या लिंक्सची, म्हणजे समुद्राकाठच्या कोर्सचीही हीच कथा, समुद्र अन् शेती यांच्या मधली वाळूची पट्टी, नांगराला कामाची नाही, म्हणून मेंढ्या चारायला अन् खेळायला मोकळी राहिली. तर भारी जमिनीवर लई पैसा ओतून, खालून पाइप टाकून, वरून वाळू आणून केलेला कोर्स अन् साध्या बरडावर थोड्या पैशात केलेला कोर्स यात मी डोळे मिटून दुसरा घेईन. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी फेअरवेवर पाणी कुठं उभं आहे हे तिथल्या माळ्याला विचारा, त्याच्याइतकं खरं कोणी सांगत नाही. कॅडीलाही विचारा. मी स्वतः ते काम केलंय म्हणून सांगतो, कॅडीला कोर्सची नस अन् नस माहीत असते, पण विचारते कोण.

पैशाचं एक साधं गणित करायचं. कोणी म्हणाला की अमुक कोर्स बकवास आहे, तर विचारा की हाच कोर्स ५०० रुपयांत असता तर काय म्हणाला असता? कोणी म्हणाला स्वर्ग आहे, तर हाच कोर्स दहा हजारांत असता तर गेला असता का? दोन्ही उत्तरं ऐकली की खरं मत आपोआप बाहेर येते. आम्ही एकदा एका महागड्या रिसॉर्टच्या कोर्सवर गेलो. कार्ट म्हणजे बसून फिरायची गाडी सक्तीची, चालू देत नव्हते, प्रत्येक होलला डावीकडं तळं अन् उजवीकडं बंकर, राउंडला, म्हणजे सगळे होल एकदा खेळायला, साडेपाच तास लागले, पुढचा ग्रुप फोटो काढत उभा. क्लबहाऊसचा संगमरवर चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मास्तरांनी विचारलं, बरं सांगा सातवा होल कसा होता? चौघांपैकी एकालाही आठवला नाही.

तेव्हापासून ही आमची पक्की परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड न बघता पहिल्यापासून होल सांगत जायचं, कुठं चढ, कुठं वळण, काय मारलं. अठरापैकी बारा-तेरा आठवले तर कोर्स चांगला, स्कोअर कितीही वाईट असो. चार आठवले तर समजा सगळे होल एकाच साच्यातले.

दुर्लक्षित कोर्स शोधायचा असेल तर जिथं लोक नाक मुरडतात तिथंच शोधा. नऊच होल आहेत म्हणून लोक सोडतात. अमेरिकेत टेनेसीमधलं स्वीटन्स कोव्ह नऊच होलचं, नदीकाठच्या पुराच्या सपाट जमिनीवर, २०१४ ला उघडलं तेव्हा क्लबहाऊसच्या नावाने एक लहान खोपटं होतं, तरी लोक लांबून जाऊन दिवसभर तेच नऊ होल फिरफिरून खेळतात. गुरं चरतात म्हणून सोडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा म्हणून कोर्स आहे, तिथं मेंढ्या अन् गाई फेअरवेवर चरतात अन् ग्रीनभोवती विजेची तार लावलेली असते, आपण रानडुकरासाठी झटका मशीन लावतो तसलीच. गवत नाही म्हणून सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीला तर गवताचं पातंही नाही, खेळणारे लोक हिरवळीचा एक तुकडा बरोबर घेऊन फिरतात अन् त्यावर बॉल ठेवून मारतात.

आपल्या देशात छावण्यांच्या जुन्या कोर्सवर ग्रीनच्या जागी ब्राऊन असायचे, तेल मिसळलेल्या वाळूचे, काही ठिकाणी अजून आहेत. सातपुड्यात वर एका छावणीच्या अशाच कोर्सवर सुभेदार काका आम्हाला घेऊन गेले होते. पट करायच्या, म्हणजे बॉल हळूच खळग्याकडं ढकलायच्या आधी लाकडी पट्टीने आपली वाट सपाट करून घ्यायची, बॉल वरून आणून थांबवायचा प्रयत्न सोडायचा, अलीकडं टाकून पळवायचा. साग अन् मोहाच्या झाडांमधून होल, एका होलवर वानरं, एका वळणावर खाली अख्खी दरी. फी आमच्या चौघांच्या जेवणापेक्षा कमी. त्याचे नऊच्या नऊ होल मी आजही झोपेत सांगीन.

मग स्वतः मत द्यायची पाळी आली की पुढच्या माणसावर दया करा. कोणत्या महिन्यात गेलात, कोणत्या टीवरून खेळलात, हँडिकॅप किती, फी किती दिली, चालत खेळलात का कार्टमधे, किती तास लागले, एवढं आधी लिहा. मग तक्रार नेमकी लिहा. 'मजा नाही आली' हे काही मत नाही. 'बारावा अन् चौदावा होल सारखेच आहेत, बंकरात वाळूखाली गोटे लागतात', हे मत. आवडलं तेही असंच नेमकं लिहा, कारण गरीब कोर्सची जाहिरात करणारं कोणी नसते, तुमच्या चार ओळींनी तिथं दोन गाड्या जास्त गेल्या तरी तिथल्या माळ्याचा पगार निघते.

निघायच्या आधी फोन करायचाच, अन् बुकिंगवाल्याला नाही, शक्यतो कोर्सवर काम करणाऱ्या माणसाला जोडून मागायचं. ग्रीनला भोकं कधी पाडली, शेवटचा मोठा पाऊस कधी झाला, चालत खेळू देता का, कॅडी मिळते का, रविवारी राउंडला किती वेळ लागते. उत्तरं सरळ आली तर पहिली वेळ मागून घ्या, अन् मार्चनंतर आपल्या भागात खेळायचं असेल तर साडेसहाच्या आत टीवर उभे राहा. दहा वाजता उन्हाने डोकं तापलं की चांगल्यातला चांगला कोर्सही वाईट दिसायला लागते.