सीएएच असलेल्या मुलाची घरातील काळजी: गोळीची वेळ, तापाचा दिवस आणि जनुक-तपासणी

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी, म्हणजेच ओपीडीच्या भाषेत सीएएच, या आनुवंशिक आजाराचे निदान रुग्णालयात होते, पण तो सांभाळावा लागतो घरात. डॉक्टरांची भेट काही महिन्यांनी होते, गोळी मात्र बहुधा दिवसातून तीनदा द्यायची असते. ही जबाबदारी एकट्या आईवर पडू नये, हे मी पहिल्याच भेटीत घरातल्यांना सांगते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल आणि शरीरातील मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन तयार करतात. या आजाराच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर (एन्झाइम) कमी असते. त्यामुळे ही संप्रेरके अपुरी पडतात आणि त्यांचा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या बाह्य जननेंद्रियांतील बदल अनेकदा जन्मतःच लक्षात येतो, पण मुलगा दिसायला अगदी निरोगी असतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे होते, उलट्या होतात, वजन घटते आणि घरचे त्याला पोट बिघडल्याचे समजतात. म्हणून एका मुलाला हा आजार असेल, तर पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावे आणि बाळाच्या १७-ओएचपी तपासणीची (या आजारात वाढणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी) तारीख ठरवून घ्यावी.

रोजच्या औषधात वाढत्या वयाच्या मुलांना साधारणतः हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारे स्टेरॉइड) दिले जाते, कारण त्याहून दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडमुळे उंची खुंटण्याचा धोका अधिक असतो. अडचण येते ती लहान मात्रेची. एका घरी आजीबाई दोन स्टीलच्या चमच्यांत गोळी चुरडून, वर्तमानपत्राच्या कागदात आठवड्याभराच्या पुड्या बांधून ठेवत असत, अगदी जुन्या वैद्यांसारख्या. माया खरी, पण प्रत्येक पुडीत सारखे औषध असेल याची खात्री नाही, आणि पावसाळ्यात त्या पुड्यांना दमटपणा धरला होता. गोळीचे भाग कसे करायचे किंवा ती पाण्यात कशी विरघळवायची, हे रुग्णालयातील औषधनिर्मात्याकडून प्रत्यक्ष करून पाहून शिकावे. फ्लुड्रोकॉर्टिसोन (शरीरातील मीठ राखणारी गोळी) आणि तान्ह्या बाळाला सांगितलेले मीठ स्वतःच्या मनाने बंद करू नये. दर भेटीला उंची आणि वजन एकाच वहीत लिहावे: वजन भराभर वाढते आहे आणि उंची थांबली आहे, तर मात्रा जास्त होत असावी, उंची अकाली झपाट्याने वाढते आहे, तर ती कमी पडत असावी.

खरी परीक्षा तापात होते. निरोगी शरीर आजारपणात कॉर्टिसॉल आपोआप वाढवते. या मुलाला ते बाहेरून द्यावे लागते. सर्वसाधारण नियम असा की ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट आणि ३९ अंशांच्या वर गेल्यास तिप्पट करावी, परंतु तुमच्या मुलाचे आकडे डॉक्टरांकडून लिहून घेऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. अर्ध्या तासाच्या आत गोळी उलटून पडली तर पुन्हा द्यावी. तीही पडली तर वाट पाहू नये, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देऊन रुग्णालय गाठावे. मूल निपचित पडले असेल, हातपाय गार पडले असतील, तर तोंडाने काही देण्याच्या फंदात पडू नये, थेट इंजेक्शन द्यावे. या इंजेक्शनची नेहमीची मात्रा वयानुसार ठरते: ३ वर्षांखाली २५ मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांपर्यंत ५० आणि त्यापुढे १००. मांडीच्या बाहेरच्या बाजूस ते कसे टोचायचे, हे घरातील निदान दोघांनी शिकून घ्यावे. दहावीची परीक्षा किंवा शाळेतील धावण्याची शर्यत यांसाठी मात्र वाढीव गोळी लागत नाही. ही शंका मला दरवर्षी विचारली जाते.

मुंबईत या तयारीत पाऊसही धरावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण तितका न पडताही हिंदमाताला पाणी तुंबते आणि परळच्या रुग्णालयांकडे जाणारा रस्ता अडतो. जूनच्या आधी निदान महिन्याभराच्या गोळ्या, इंजेक्शनच्या दोन कुप्या, सिरिंज आणि डॉक्टरांचे पत्र एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. त्या पत्रात आजाराचे नाव, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन विनाविलंब द्यावे ही सूचना आणि सलाईन व साखर तपासणीचा उल्लेख असावा, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरने हा आजार पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही. डबा कुठे आहे हे शेजाऱ्यांना, वर्गशिक्षिकेला आणि वस्तीत येणाऱ्या आरोग्यसेविकेला ठाऊक असावे. निदानाचा सगळा तपशील त्यांना सांगण्याची गरज नाही. विशेषतः मुलीच्या बाबतीत ‘तापात हे इंजेक्शन लागते’ एवढे पुरते.

संशोधनासाठी रक्त मागितले गेले, तर घाबरण्याचे किंवा घाईने अंगठा उमटवण्याचे कारण नाही. २१-हायड्रॉक्सिलेज बनवणाऱ्या सीवायपी२१ए२ या जनुकाच्या शेजारीच त्याच्यासारखे दिसणारे, पण निष्क्रिय असे छद्म जनुक असते. दोघांत गल्लत होऊ शकत असल्याने आईवडिलांचेही रक्त तपासावे लागते. दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते, आणि त्यात दोष एकट्या आईच्या घराण्याचा नसतो, हे सासरच्यांसमोर डॉक्टरांनीच बोलून दाखवावे, असा आग्रह जरूर धरावा. संमतिपत्र आपल्या भाषेत मागावे. नमुना किती काळ ठेवणार, निकाल आपल्याला कळणार का आणि मध्येच माघार घेतली तरी उपचार चालू राहतील ना, हे विचारावे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी सहमतीही घ्यावी लागते. सही केल्यावर त्या पत्राची एक प्रत मागून घ्यावी आणि केसपेपरच्या फाईलमध्ये लावावी.