पोरांनी देवाला धरून राहावं असं वाटतं ना? मग आईबापांनो, आधी या चुका टाळा

रविवारची चर्चमधली उपासना संपली, नागपूरच्या सदरमधून फॅमिली गाडीवर निघाली, बाप पुढं, पोरगं मधात, आई मागं. एलआयसी चौकात सिग्नल लाल आहे पण पोलीस दिसत नाही म्हणून बाप गाडी काढतो, आणि घर येईस्तोवर पाळक साहेबांचा संदेश किती लांबला, क्वायरमध्ये कोण बेसूर गात होतं, कोणाच्या घरी काय सुरू आहे हे सगळं चालू असतं. मधात बसलेलं पोट्टं सगळं ऐकतं बरं का. "आमच्या पोराला चर्चचा कंटाळा येतो" अशी तक्रार असेल तर आधी हा घरी जायचा रस्ता तपासा.

दुसरी चूक म्हणजे सगळं संडे स्कूलवर सोडून देणं. आठवड्याचे तास 168, त्यातला एखादा तास संडे स्कूलचा, आता त्या टीचर बिचाऱ्या किती करतील? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना शिकवायचं काम घरच्यांनाच दिलंय, तेही घरी बसताना, वाटेनं चालताना, झोपताना, उठताना. म्हणजे वेगळा क्लास लावायची गरज नाही, रात्री कूलरसमोर गाद्या टाकल्यावर पाच मिनिटं एकत्र प्रार्थना झाली तरी चालते. फक्त ती लेक्चर होऊ देऊ नका. "हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचा मोबाईल सुटू दे" हे प्रार्थनेच्या नावाखाली पोराला मारलेले टोमणे असतात, त्याला ते बरोबर कळतात आणि मग तो डोळे मिटून दुसराच विचार करत बसतो.

याच्यासारखंच, देवाला पोलीस करू नका. "खोटं बोललास, येशू बघतोय" हे लहानपणी चालतं, पुढं जाऊन पोराला देव म्हटलं की भीतीच आठवते.

आता शिस्त. इथं लोक दोन्ही टोकांना जातात. बायबलच्या नीतिसूत्रांतलं पोराला छडीनं शिस्त लावायचं वचन सगळ्यांना पाठ, पण "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" हे इफिसकरांस पत्रातलं (6:4) वचन कोणी सांगत नाही, आणि ते तर थेट बापालाच उद्देशून आहे. उलट बाजूला बायबलमधला एली याजक बघा, त्याची पोरं मंदिरात काय धिंगाणा घालतात हे माहीत, बोललाही, पण आवरलं नाही. दावीद तर राजा माणूस, पण आपल्या पोराला, अदोनीयाला, "तू असं का केलंस" असं कधी विचारलंच नाही (1 राजे 1:6), आणि दुसऱ्या पोराला, अबशालोमाला, यरुशलेमात परत आणून दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. मला विचाराल तर हा अबोला मारापेक्षा वाईट, आणि आपल्या घरांत तो लय चालतो. पोरगा दहावीत मार्क कमी घेऊन आला की बाप आठवडाभर आईमार्फत बोलतो, "त्याला सांग जेवून घे म्हणून". असं होत असेल तर त्याच दिवशी समोर बसा, काय चुकलं ते एकदाच सांगा आणि विषय संपवा.

लाडका-नावडता पण करू नका, बायबलमधल्या याकोबानं फक्त लाडक्या योसेफाला खास झगा शिवला आणि भावांनी जळून त्याला विकून टाकलं. "बघ तुझी बहीण कशी बायबल वाचते" हा तसलाच झगा समजा.

काही घरांत आई चर्चला येते, बाप येत नाही, आणि मग आई पोरांसमोर बापाला नावं ठेवते. बायबलमधल्या तीमथ्याचा, म्हणजे प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याचा, बाप ग्रीक होता, विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. तेव्हा एकटीनं पण होतं, नवऱ्याशी भांडायची गरज नाही.

आणि पोरगा सतरा-अठराचा झाला, चर्चला येतच नाही म्हणतो, तर? ओढून नेऊ नका, "मंडळीत काय तोंड दाखवू" हे तर अजिबात म्हणू नका, कारण मग त्याला कळतं की काळजी त्याची नाही, नाकाची आहे. का नको ते विचारा आणि उत्तर मधात न तोडता ऐका, कित्येकदा कारण साधं असतं, युथ ग्रुपमध्ये कोणी चिडवलं असतं किंवा घरी प्रार्थना करणारा बाप दुकानात कामगाराला शिव्या देताना दिसला असतो. हे दुकानातलं कारण निघालं तर पोराशी बोलायच्या आधी त्या कामगाराची माफी मागून या.