काफ्काचा कन्झ्युमर ग्रुप सांभाळताना: लॅग, रिबॅलन्स आणि ऑफसेट

काफ्का ही मेसेज साठवून ठेवणारी यंत्रणा: मेसेज टॉपिकमध्ये पडतात, टॉपिकचे भाग म्हणजे पार्टिशनं, ती वाचणारे प्रोग्रॅम म्हणजे कन्झ्युमर, काम वाटून घेणाऱ्या कन्झ्युमरांचा ग्रुप, आणि वाचायचे राहिलेले मेसेज म्हणजे लॅग. लॅग वाढला की हात आधी कन्झ्युमर वाढवायला जातो. थांबा. आधी एवढंच बघा: लॅग सगळ्या पार्टिशनांवर सारखा चढलाय, की एकाच पार्टिशनवर साचलाय? पुढे काय करायचं ते या उत्तरावर ठरतं.

उदाहरण इंदूरचंच घेऊ. घरपोच खाण्याचं एक ॲप आहे. ऑर्डरी काफ्काच्या एका टॉपिकमध्ये पडतात आणि तीन सेवा त्या वाचतात: एक बिल करते, एक स्वयंपाकघराला कळवते, एक रिपोर्ट काढते. भार घड्याळ लावल्यासारखा येतो. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी शांतता, आणि रात्री सराफ्यातली दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याचे ठेले लागले की मध्यरात्र उलटेपर्यंत झुंबड.

रांगा किती, वाढपी किती

ग्रुपचा नियम पंगतीचा आहे. टॉपिक म्हणजे पंगत, पार्टिशन म्हणजे तिच्यातली एकेक रांग. एका रांगेत भाजी एकाच वाढप्याने वाढायची; दोघे शिरले तर एखाद्या पानात दोनदा पडेल. वरणवाला मात्र त्याच रांगेतून आपल्या चालीने जातो, भाजीवाला कुठवर पोचला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो वेगळा ग्रुप. म्हणून बिल, स्वयंपाकघर आणि रिपोर्ट यांचे ग्रुप-आयडी वेगळे हवेत. आणि रांगा सहाच असतील तर सातवा वाढपी भांडं धरून नुसता उभा राहणार.

हिशेब असा. एका बिलाला 20 मिलिसेकंद लागत असतील तर एक कन्झ्युमर सेकंदाला 50 बिलं करतो. रात्रीच्या गर्दीला सेकंदाला 400 ऑर्डरी धरल्या तर 8 कन्झ्युमर पुरतात. पण पार्टिशनंही 8 च ठेवली तर मागची साठवण फेडायला जागा उरत नाही. दीडपट, म्हणजे 12 ठेवा. 12 ला 2, 3, 4 आणि 6 ने भाग जातो, त्यामुळे या आकड्यांवर कन्झ्युमर ठेवले की वाटणी समान होते. 8 चालवले तर चौघांकडे दोन-दोन आणि चौघांकडे एक-एक पार्टिशन येईल, म्हणून गर्दीच्या वेळी सरळ 12 च चालवा.

पार्टिशनं नंतर वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. वाढवण्यातही दोन खड्डे आहेत. पहिला: मेसेजला लावलेली 'की' (ओळखीची खूण) कुठल्या पार्टिशनला जाते ते तिच्या हॅशला, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या आकड्याला, पार्टिशनांच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवर ठरतं; संख्या बदलली की तीच की दुसरीकडे जाऊ लागते आणि तिच्या जुन्या-नव्या मेसेजांचा क्रम मोडतो. दुसरा खड्डा दिसत नाही. नवं पार्टिशन आल्याचं कन्झ्युमरला मेटाडेटा, म्हणजे टॉपिकची माहिती, ताजा झाल्यावरच कळतं, आणि त्याची ठरलेली मुदत 5 मिनिटं आहे. ऑफसेट म्हणजे पार्टिशनमधला मेसेजचा क्रमांक; नोंदलेला ऑफसेट नसेल तर वाचन टोकापासून ('लेटेस्ट') की सुरुवातीपासून ('अर्लिएस्ट') ते ऑटो-ऑफसेट-रीसेट ठरवतं. तेवढ्यात तिथे पडलेल्या ऑर्डरी, ते 'लेटेस्ट' असेल तर, कुणीच वाचत नाही. एररसुद्धा येत नाही. म्हणून पार्टिशनं वाढवण्याआधी ती सेटिंग 'अर्लिएस्ट' करून घ्या.

लॅग वाचायचा कसा

काफ्काबरोबर येणारं साधन पुरेसं आहे:

काफ्का-कन्झ्युमर-ग्रुप्स.एसएच --बूटस्ट्रॅप-सर्व्हर लोकलहोस्ट:9092 --डिस्क्राइब --ग्रुप ऑर्डर-बिल

प्रत्येक पार्टिशनची एक ओळ येते. ग्रुप कुठवर पोचला तो करंट-ऑफसेट, टॉपिकचं टोक म्हणजे लॉग-एंड-ऑफसेट, आणि दोन्हींतला फरक म्हणजे लॅग. कन्झ्युमर-आयडीच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर ते पार्टिशन सध्या कुणाकडेच नाही. त्याच आज्ञेला --स्टेट जोडलं तर ग्रुपची अवस्था कळते: स्टेबल, एम्प्टी, की रिबॅलन्सच्या, म्हणजे पार्टिशनं नव्याने वाटण्याच्या, मधेच लटकलेली.

एका नजरेने निदान करू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बघा. लॅग 5,000 आहे पण उतरतोय, तर काळजी नाही. 300 आहे आणि दर मिनिटाला चढतोय, तर आहे. फेडीचा हिशेब सोपा: एका पार्टिशनवर 36,000 साचलेत, सेकंदाला 30 येतात आणि 50 निपटतात, तर फरक 20 चा, 1,800 सेकंद, म्हणजे अर्धा तास.

सगळीकडे सारखा लॅग असेल तर काम हळू चाललंय. डेटाबेस किंवा बाहेरची सेवा तपासा, आणि पार्टिशनं शिल्लक असतील तरच कन्झ्युमर वाढवा. एकाच पार्टिशनवर साचला असेल तर बहुधा दोष कीचा असतो. ऑर्डरीची की म्हणून कुणी भागाचं नाव दिलेलं असतं: विजयनगर, पलासिया, सराफा. रात्री 10 वाजता सराफ्याच्या सगळ्या ऑर्डरी एकाच पार्टिशनवर कोसळतात. तिथे शंभर कन्झ्युमर लावले तरी वाढपी एकच. स्वतःला विचारा, क्रम नक्की कशाचा हवाय? एकाच ऑर्डरीचं 'घेतली, शिजली, निघाली' उलटसुलट होता कामा नये. दोन वेगळ्या ऑर्डरींमध्ये कोण पुढे याला अर्थ नाही. मग 'की' म्हणून ऑर्डर-क्रमांक असू द्या.

पाच मिनिटांची मेख

सर्वांत जास्त रात्री यात जातात. कन्झ्युमर जिवंत आहे हे दोन गोष्टींवरून ठरतं. हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा निरोप, मागे वेगळ्या चालणाऱ्या थ्रेडवरून दर 3 सेकंदांनी जाते, 45 सेकंद (हा सेशन-टाइमआउट) आली नाही तर सदस्य मेला असं धरतात (3.0 आवृत्तीच्या आधी ही मुदत 10 सेकंद होती). दुसरी अट मॅक्स-पोल-इंटरव्हलची: दोन पोलमध्ये (पोल म्हणजे नवे मेसेज मागणं) 5 मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडायला नको.

एका पोलमध्ये जास्तीत जास्त 500 मेसेज येतात. 20 मिलिसेकंदाने ते 10 सेकंदांचं काम. पण पेमेंटची बाजू मंदावून एकेकाला 700 मिलिसेकंद लागू लागले की 350 सेकंद झाले. हार्टबीट छान चालू आहे, तरी कन्झ्युमर ग्रुपबाहेर. त्याने कमिट करायचा, म्हणजे कुठवर काम झालं ते नोंदवायचा, प्रयत्न केला की कमिट-फेल्ड एक्सेप्शन, पार्टिशन शेजाऱ्याकडे, आणि तेच 500 मेसेज पुन्हा पहिल्यापासून. पाच मिनिटांनी तोही बाहेर. लॉगमध्ये रिबॅलन्सवर रिबॅलन्स, पण करंट-ऑफसेट जागचा हलत नाही. ही खूण लक्षात ठेवा.

मुदत अर्ध्या तासावर नेणं हा मोहाचा उपाय. मग खरंच अडकलेला कन्झ्युमरही अर्धा तास कुणाला कळणार नाही. आधी मॅक्स-पोल-रेकॉर्ड्स, म्हणजे एका पोलमधल्या मेसेजांची मर्यादा, 100 करा: 700 मिलिसेकंद धरूनही 70 सेकंदांत काम संपतं. बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट लावा. मुदतीला हात सगळ्यात शेवटी.

रिबॅलन्स हलका करणं

जुन्या पद्धतीत एक वाढपी आला-गेला की सगळे भांडी खाली ठेवतात आणि रांगा नव्याने वाटल्या जातात. 2.4 पासून कोऑपरेटिव्ह-स्टिकी वाटणी आहे; तिच्यात जी रांग हात बदलणार तेवढीच थांबते. चालू ग्रुपवर ती एका झटक्यात लावू नका. आधी एकेक कन्झ्युमर रीस्टार्ट करत वाटणीच्या पद्धतींच्या यादीत नवी आणि जुनी दोन्ही नावं ठेवा, मग दुसऱ्या फेरीत जुनं काढा. 3.0 पासूनच्या जावा क्लायंटमध्ये मुळातच रेंज (जुनी वाटणी) आणि कोऑपरेटिव्ह-स्टिकी दोन्ही असतात, त्यामुळे तिथे रेंज काढण्याची एक फेरी पुरते.

दर डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) होणारी उलथापालथ टाळायची तर प्रत्येक कन्झ्युमरला कायमचा ग्रुप-इन्स्टन्स-आयडी द्या. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसवर स्टेटफुलसेटमधलं पॉडचं (सेवेच्या चालू प्रतीचं) नाव चालतं, कारण ते कायम तेच राहतं. सेशन-टाइमआउटच्या आत तो परत आला तर त्याचं पार्टिशन त्यालाच मिळतं, रिबॅलन्स नाही. किंमत अशी की असा सदस्य जाताना निरोप देत नाही. पॉड कायमचा कमी केला तर टाइमआउट संपेपर्यंत त्याची रांग उपाशी. आणि एकच आयडी दोघांना गेला तर एकाला हाकललं जातं.

4.0 वर असाल तर ग्रुप-प्रोटोकॉल 'कन्झ्युमर' करून बघाच. वाटणी ब्रोकरच (काफ्काचा सर्व्हर) करतो, सगळ्यांना एकदम थांबवण्याचा प्रकार नाही. मात्र हार्टबीट आणि सेशनच्या मुदती मग ब्रोकरवर ठरतात, क्लायंटमधल्या जुन्या सेटिंग्ज काढाव्या लागतात.

कमिट

ऑटो-कमिट दर 5 सेकंदांनी होतं, आणि ते पोलच्या आत होतं. पोल करणारा थ्रेडच काम पूर्ण करत असेल तर ते ठीक. मेसेज थ्रेड-पूलकडे (बाजूला काम करणाऱ्या इतर थ्रेडांकडे) सोपवून लगेच पुढचा पोल केला, तर न झालेलं काम झालं म्हणून नोंदलं जातं. तेवढ्यात प्रोसेस पडली की ती बिलं गेली. तिथे ऑटो-कमिट बंद करा, काम झाल्यावर स्वतः कमिट करा. कमिट करायचा आकडा शेवटच्या मेसेजचा नव्हे, त्याच्या पुढचा. नाहीतर दर रीस्टार्टला एक बिल दोनदा. तसंही अधूनमधून मेसेज दुबार येणारच, तेव्हा बिलांच्या टेबलात ऑर्डर-क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारं) हवंच.

ऑफसेट मागे न्यायचा असेल तर

समजा रात्री 9 पासूनची बिलं चुकली आणि पुन्हा करायची आहेत.

1. ग्रुपमधले सगळे कन्झ्युमर बंद करा. ग्रुप चालू असेल तर साधन रीसेट नाकारतं. किल -9 ने (जबरदस्तीने) मारले असतील तर 45 सेकंद थांबा, मग स्टेट 'एम्प्टी' आहे ना ते बघा.
2. सध्याचे ऑफसेट डिस्क्राइबमधून फाइलमध्ये उतरवून ठेवा. परतीचा रस्ता तोच.
3. --रीसेट-ऑफसेट्स बरोबर --टू-डेटटाइम द्या आणि आधी --ड्राय-रन (काही न बदलता नुसते आकडे दाखवणं). वेळेला टाइमझोन जोडला नाही तर ती यूटीसी धरली जाते. इंदूरचे रात्रीचे 9 म्हणजे तिथे 15:30. 21:00 लिहिलंत तर वाचन पहाटे 2:30 पासून सुरू होईल आणि सराफ्याची अख्खी गर्दी निसटेल.
4. ड्राय-रनमधले आकडे पटले की --एक्झिक्यूट. मग एकच कन्झ्युमर चालू करून पहिली काही बिलं तपासा, नंतर बाकीचे.

ग्रुप रिकामा झाल्यापासून 7 दिवस उलटले की त्याचे ऑफसेट पुसले जातात, 2.0 च्या आधी एकच दिवस मिळायचा. दिवाळीला दहा दिवस बंद ठेवलेली रिपोर्टची सेवा परतल्यावर ऑटो-ऑफसेट-रीसेटच्या भरवशावर सुरू होते: 'लेटेस्ट' असेल तर मधल्या ऑर्डरी वगळून, 'अर्लिएस्ट' असेल तर टॉपिकमध्ये उरलेलं सगळं पुन्हा. पैशांच्या ग्रुपला तिथे 'नन' लिहा. सेवा एरर देऊन थांबेल आणि कुठून सुरू करायचं ते माणूस ठरवेल.

आणि ग्रुप-आयडीत वातावरणाचं (खरं की चाचणीचं) नाव घाला: ऑर्डर-बिल-प्रॉड, ऑर्डर-बिल-टेस्ट. नाहीतर कुणाच्या लॅपटॉपवर तपासणीसाठी चालवलेला कन्झ्युमर खऱ्या ग्रुपात शिरतो, त्याच्या वाट्याला एखादं पार्टिशन जातं, आणि तेवढ्याच ग्राहकांना बिल का मिळत नाही याचा शोध सर्व्हरवर चालू राहतो. डिस्क्राइबमधला होस्टचा रकाना बघितला की अनोळखी आयपी तिथेच दिसतो.