पॅरलल पार्किंग जमत नाहीये? टेस्टच्या आधी या चुका टाळा

मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मला पॅरलल पार्किंग, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या दोन गाड्यांच्या मधल्या जागेत फूटपाथला समांतर गाडी लावणं, शिकवलं ते असं: मागच्या काचेवरचा स्टिकर खांबाच्या रेषेत आला की स्टिअरिंग फुल लेफ्ट, आरशात दुसरा खांब दिसला की फुल राइट. पाठ केलं. स्कूलच्या वॅगनआरमध्ये मस्त जमायचं, मग एका रविवारी मामाच्या स्विफ्टवर ट्राय केलं आणि मागचं टायर थेट फूटपाथवर. स्टिकर स्कूलच्या गाडीला होता ना, आणि स्विफ्ट वॅगनआरपेक्षा साधारण वीतभर लांब. त्यामुळे पहिली चूक हीच, फॉर्म्युला पाठ करणं.

त्याहून मोठा घोळ क्लचचा आहे आणि तो कोणी सांगत नाही. स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीपण क्लच-ब्रेक असतात, आपण स्टिअरिंग फिरवत खुश असतो आणि स्पीड सर सांभाळत असतात. टेस्टला ती मदत नाही. मी पहिल्यांदा नापास झाले ती याच्यामुळेच, सगळं बरोबर चाललं होतं, क्लच जरा जास्त सुटला आणि मागे ठेवलेला प्लास्टिकचा कोन आडवा. म्हणून दोन दिवस पार्किंग विसरा आणि सपाट रस्त्यावर नुसती रिव्हर्स घ्या, हाफ क्लचवर (म्हणजे क्लच अर्धाच सोडून), अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, मुंगीच्या चालीने. गाडी हळू असली की चूक दिसते आणि सुधारताही येते.

आता सुरुवात. बहुतेकांचं रिव्हर्स टाकायच्या आधीच बिघडलेलं असतं. डावा इंडिकेटर द्या, रिकाम्या जागेच्या पुढच्या गाडीला समांतर उभे राहा, मध्ये दोन-तीन फूट अंतर आणि दोघांचे मागचे बंपर एका रेषेत. गाडी इथेच तिरकी उभी असेल तर पुढे काहीही करा, तिरकीच बसणार. जागा गाडीच्या दीडपट तरी हवी, म्हणजे 4 मीटरच्या गाडीला 6 मीटर, त्याहून कमी जागेत शिकायला जाऊ नका, उगाच कॉन्फिडन्स जातो.

मग हळूहळू मागे घेत पूर्ण डावीकडे. उजव्या आरशात मागच्या गाडीचा उजवा हेडलाइट पूर्ण दिसला की साधारण 45 अंशात आलात, स्टिअरिंग सरळ करा. सरळच मागे जा, आपल्या पुढच्या बंपरचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागून मोकळा होईपर्यंत, आणि तेव्हा पूर्ण उजवीकडे.

काय चुकलं ते गाडी कुठे थांबली त्यावरून कळतं. मागचं डावं टायर फूटपाथला लागलं आणि बोनेट अजून रस्त्यात, तर तिरकेपणा जास्त झाला किंवा उजवीकडे वळवायला उशीर केलात. बोनेटचा कोपरा पुढच्या गाडीला घासतोय? उजवीकडे घाई झाली. गाडी सरळ बसली पण फूटपाथपासून हातभर लांब, तर मागे सरळ कमी गेलात किंवा सुरुवातच लांबून केली होती.

आणि डावा आरसा जरा खाली करा हो, मागचं टायर आणि फूटपाथची कड दिसली पाहिजे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे टक लावून बसू नका, मागे घेताना बोनेट उजवीकडे रस्त्यात बाहेर येतं ते कॅमेरा दाखवत नाही, आणि मुंबईत त्या बाजूने डिलिव्हरीवाला बाइक काढणार म्हणजे काढणारच.

प्रॅक्टिसला मी सकाळी सहाला फाईव्ह गार्डन्सला जायचे, पुढे-मागे L लावून, बाजूला लायसन्सवाला मामा. रस्ता नको असेल तर सोसायटीच्या कंपाउंडमध्ये रंगाचे चार रिकामे डबे ठेवा, वॉचमनकाकांना आधी सांगून. नापास झालात तर 7 दिवसांनी परत देता येते, तीनदा गेली तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. मी दुसऱ्या खेपेला पास झाले, हँडब्रेक ओढायला विसरत होते तेवढ्यात आठवलं.